चाच्यांचे पत्ते आणि सुनीताचे नाना

परवा परभणीला घरी मुलीच्या मोबाईलवर एक गेम खेळत बसले होते. समुद्री चाच्यांचा, पण पत्त्यांवर चालणारा. सुरुवातीला हातात सगळे फालतू पत्ते, मग एकेक जहाज लुटत चांगले पत्ते मिळवायचे आणि आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, भारी करत न्यायचा...

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. भाजी फोडणीला टाकून गॅसपाशी नुसतीच उभी राहते. कारण असलाच एक गेम आम्ही दोघींनी बनवला होता, त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात.

दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण सुनीता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सेलूहून पॅसेंजरने परभणीला कॉम्प्युटर क्लासला जायचो. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं, आणि अर्धा तास मिळाला की बोटं नुसती पळवायची...

सुनीताचे वडील, नाना, पूजा-पाठ सांगायचे. त्यांच्या घरात पत्ते या शब्दालाही मज्जाव होता. शेजारी कुणी मेंढीकोट खेळायला बसलं की ते आपली खिडकी लावून घेत. सुनीताने जन्मात पत्ता हातात धरलेला नव्हता, आणि क्लासच्या शेवटच्या प्रोजेक्टला तिने निवडला पत्त्यांचा खेळ.

पत्त्यांतलं सगळं ती मला विचारायची. मला येत होतं ते मेंढीकोट... खेळ सुरू करताना पिसायचे, वाटायचे, हातातले संपले की डाव संपला. तेवढं मी सांगितलं. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता, त्यामुळे आमचे चाचे जहाजांतून कापसाच्या गाठी लुटायचे. सेलूत दुसरं काय लुटण्यासारखं दिसणार?

हसायचो खूप. पण सुनीता आतून धास्तावलेली होती. जालन्याचं स्थळ आलं होतं आणि रविवारी पाहुणे येणार होते. नानांनी तिला एकच सवलत दिली होती... प्रोजेक्ट पसंत पडून क्लासच्या सरांनी मुलींच्या नव्या बॅचला शिकवायचं काम दिलं, तर लग्न वर्षभर लांबवू. नाही दिलं तर रविवार ठरलेला.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. आज बंद, उद्या गाड्या रद्द, परवा काय ते माहीत नाही. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी एसटी बंदच होती, पॅसेंजरही किती तरी उशिरा आली. पालकांनाही बोलावलं होतं म्हणून नाना सोबत होते. गाडीत सुनीता माझ्या कानाशी म्हणाली, "पत्ते म्हणू नको हं. जहाजं म्हण."

नानांनी देवळात जावं तसे जोडे बाहेर काढले आणि मागच्या खुर्चीवर ताठ बसले. सुनीताने खेळ सुरू केला. काळ्या स्क्रीनवर हिरव्या चौकटी आल्या, फुटकी होडी, गंजकी तलवार... आणि त्या चौकटी पत्तेच होत्या, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी मागे वळून बघायचं टाळलं.

पहिलं जहाज लुटलं, दुसरं लुटलं. डेकमध्ये नवे पत्ते आले. सर मान हलवत होते. आणि उचलायच्या पत्त्यांचा ढीग संपला... एक एरर आली आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

सुनीताने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच अडलं. आमच्या अर्ध्या तासात ढीग संपेपर्यंत आम्ही कधी पोचलोच नव्हतो. सर म्हणाले, "असं कसं थांबतंय? बघ बरं, काय राहिलंय." ती प्रोग्रामच्या ओळी वरखाली करत चूक शोधायला लागली. माझ्या मेंढीकोटात पत्ते संपले की डाव संपतो, त्यात चूक काय, हेच मला कळत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. शांत, जरा वैतागलेला.

"अगं, खेळलेले पत्ते उचल, पीस अन् परत लाव. त्याशिवाय कसा चालंल डाव?"

नाना होते.

सुनीता वडिलांकडे बघत राहिली. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग ती वळली. पिसायच्या ओळी प्रोग्राममध्ये होत्याच, ढीग संपल्यावर तिकडे परत पाठवायचं तेवढं राहिलं होतं. तिने ते लिहिलं, आणि चाचे पुढच्या जहाजाकडे निघाले.

सरांनी तिला तिथेच विचारलं, पुढच्या महिन्यापासून येशील का.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले होते. सुनीताने धीर करून विचारलं, "नाना, तुम्हाला कसं ठाऊक?" ते बाहेर बघतच म्हणाले, "जालन्याला निरोप धाडतो. वर्षभर थांबा म्हणावं."

बस्स, एवढंच. पुढे ती त्या क्लासात शिकवायला लागली. नाना आता नाहीत, आणि ते कधी, कुणाबरोबर खेळले, ते घरात कुणालाच माहीत नाही.

मी मात्र एवढ्यावरच अडकून पडते... ते वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं, की लेक अडलेली बघून त्यांनी ते मुद्दाम, सगळ्यांदेखत बोलून टाकलं? कधी वाटतं निसटलं. कधी वाटतं, इतकी वर्षं जपलेलं असं निसटत नाही. दोन्हीपैकी काहीही असो, सुनीताला तिचं वर्ष मिळालं, आणि त्यासाठी नानांनी त्या दिवशी स्वतःची किती पत घालवली, याचा हिशेब त्यांनी कधीच कुणाला दिला नाही.