बार्बरच्या आजोबांनी अडवलेली पेनल्टी

माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर केस आहेत असं म्हणणं हा निव्वळ चांगुलपणा आहे. कानांवर थोडे, मागे एक झालर, बाकी मोकळं मैदान. तरी हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावर हा माणूस दर पंधरा दिवसांनी कटिंगला जायला लागला. तेही इथे लंडनच्या पिनरमध्ये नाही, ट्यूबने दोन स्टेशनं पलीकडे, हॅरोला.

"नेमकं काय कापतो रे तो?" मी एकदा विचारलं. आम्ही मेडिकल कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो मला कधी जमलं नाही.

"शेप देतो," तो गंभीरपणे म्हणाला.

एका गुरुवारी तो फोन घरीच विसरून गेला. मला हॅरोला जायचंच होतं, म्हणून फोन द्यायला त्या दुकानात शिरले. स्वारी गळ्याभोवती काळं कापड बांधून, डोळे मिटून खुर्चीत बसलेली. केस केव्हाच कापून झाले होते. शेजारी चाळिशीतला ब्राझीलचा बार्बर कात्री हवेत धरून त्याच्या पोर्तुगीज वळणाच्या इंग्रजीत सांगत होता, "आणि मग नदी मैदानात शिरली! आमची पोरं होडीत बसून गोलपोस्ट वाचवायला गेली!"

मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी तिसरी होऊन बसले.

परतताना ट्रेनमध्ये नवऱ्याने मला बार्बरच्या गोष्टीचे मागचे भाग सांगितले. बार्बरच्या गावात रेल्वेचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी एक फुटबॉल क्लब काढला. पहिला चेंडू एका इंग्रज इंजिनीअरचा, पहिली जाळी कॉफीची पोती उसवून केलेली. पुढच्या भागात मोठी मॅच येणार होती, तिची झलक बार्बरने आधीच दिली होती. महानगरातला बलाढ्य क्लब गावात खेळायला आला आणि बार्बरच्या आजोबांनी, बोट मोडलेलं असताना, पेनल्टी अडवली. तीस वर्षं लोकांना भूल देऊन झोपवणारा हा माणूस असा टक्क जागा होऊन बोलताना मी प्रथमच पाहत होते.

माझी नोकरी लॅबमधली. रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय काही रिटायर झाली नाही. मी लॅपटॉप उघडला. क्लबची वेबसाइट होती, जुन्या पेपरांची कात्रणं होती, भाषांतर कॉम्प्युटरने करून दिलं. कारखाना खरा. पूर खरा. मोठी मॅचही खरी. पण त्यात गावाने चार गोल खाल्ले होते, पेनल्टी झालीच नव्हती, आणि गोलकीपर कोणी भलताच होता.

पुढच्या कटिंगला मीही गेले. नवऱ्याने संशयाने पाहिलं. बार्बर रंगात आला. आजोबांनी उजवीकडे झेप घेतली, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"मी वाचलंय," मी म्हटलं. "त्या मॅचला पेनल्टी नव्हती. तुमच्या आजोबांचं नावही टीममध्ये नाही."

आरशात नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाच्या इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. बार्बरने कात्री खाली ठेवली.

"मॅडम, तो पेपर मोठ्या शहरातला होता," तो म्हणाला.

"आणि आजोबा?"

त्याने कंगव्यातले केस काढून झटकले. "आजोबा राखीव होते. पण बोट मोडलं होतं, ते खरं आहे."

"ते कसं?"

"चौथा गोल झाला तेव्हा बाकावर मूठ आपटली."

यावर हसावं की नाही ते मला कळेना. मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं.

स्टेशनवर आल्यावर नवरा म्हणाला, "मला माहीत होतं. दुसऱ्या कटिंगलाच मी सगळं वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला? किती छान सांगतो तो! मला पेशंटांनी आयुष्यभर फक्त कुठे दुखतंय ते सांगितलं. आणि तू आज त्याच्या आजोबांना टीममधून काढलंस."

पंधरा दिवस मला ते लागून राहिलं. पुढच्या खेपेला मी एका डब्यात बेसनाचे लाडू घेऊन गेले आणि बार्बरला म्हटलं, "मला राखीव गोलकीपरचीच गोष्ट ऐकायचीय."

त्याने डबा उघडला, एक लाडू अख्खा तोंडात टाकला आणि ऐकवलं. अकरा वर्षं आजोबा प्रत्येक मॅचला खेळाच्या पूर्ण कपड्यांत, बूट बांधून बाकावर बसले. एकदाही मैदानात उतरले नाहीत, कारण मुख्य गोलकीपर कधी आजारीच पडला नाही. आजी दर रविवारी त्याला सर्दी व्हावी म्हणून मेणबत्ती लावायची. हे मात्र मी तपासलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्या क्लबची मॅच बार्बरने दुकानातल्या टीव्हीवर लावली. तिकडची सकाळ, आपली दुपार. आम्ही दोघं, बार्बर, त्याची बायको आणि दाढीला आलेले एक बिचारे गुजराती आजोबा. क्लब आता कुठल्याशा खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. मैदानात गवतापेक्षा माती जास्त. दोन गोलांनी हरले. त्यातला दुसरा उघड उघड ऑफसाइड होता, आणि ते मी रेफरीला हॅरोमधून, चक्क मराठीत, ओरडून सांगितलं.

"मॅडमना ऑफसाइड कळतो?" बार्बरने नवऱ्याला विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला. "पण आता तिला सांगायला जाऊ नका."

पुढची मॅच रविवारी आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटखाली, मी ती मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय. नवऱ्याला वाटतंय, त्यानेच लिहिलीय.