शिशाचं सील आणि आसेगावचा रस्ता

खंडेनवमी, १९६१. परतवाड्याच्या घरी शिवणयंत्राला तेल घालून मी ते पूजेला मांडत होते. आधीच सांगते, भुताखेतांना मी कधी दारात उभं केलं नाही. उपासतापास करते, पण ताप आला की डॉक्टर गाठते. तरी त्या दुपारचं काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

शेजारचे रहीमभाई जिनिंगवाल्या शेठचा ट्रक चालवत. शेठने त्या वर्षी सगळ्या ट्रकांच्या इंजिनावर वेग रोखणारा डबा बसवला होता. तीस मैलांच्या वर गाडी जात नसे. डब्याला तार, तारेला शिशाचं सील. सील तुटलं की नोकरी गेली. ड्रायव्हर खवळले होते. पूजेला अख्ख्या इंजिनाला कुंकू लावायचं, डब्याला नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. सकाळी रहीमभाईंचा ट्रक आमच्या दारापुढेच पूजेला उभा होता.

"काहून? त्यानं काय पाप केलं?" मी विचारलं.

"बाई, फास आहे तो इंजिनच्या गळ्यात!" रहीमभाई म्हणाले.

"फास नाही, वेसण आहे. तुमच्यासारख्या बैलांले पायजेच." असं म्हणून मीच त्या डब्याला कुंकू लावलं.

"लावा, लावा... तुमचाच जावई हाय तो!"

दुपारी बाळंतपणाला आलेली माझी लेक सुशीला रक्ताने भिजली. नर्सबाईंनी हात टेकले — अमरावतीला न्या, लगेच. रहीमभाईंनी शेठला न विचारता ट्रक काढला. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले.

काटा तीसवर खिळला. सुशीलाचे ओठ पांढरे पडत चालले.

"तोडा ते सील!" मी ओरडले.

"सकाळी तं वेसण म्हनत होत्या."

"रहीमभाई, तोडा!"

"बॉनेट उघडाले थांबा लागन, बाई. तेवढ्यात..." त्यांनी पेडल तळापर्यंत दाबून धरलं.

आसेगाव जवळ आलं आणि काटा हलला. पस्तीस... चाळीस... पन्नास. उतार असेल म्हणावं, तर रस्ता सपाट. मी रहीमभाईंकडे पाहिलं.

"बाई... पाय पाहा माहा."

पाय पेडलवरून पुरता उचललेला होता. इंजिनाचा आवाज मात्र चढतच होता. समोर बैलगाड्या आल्या, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबण्याआधीच ट्रक मंदावला. गाड्या मागे पडल्या, की पुन्हा सुसाट. अमरावतीच्या नाक्यावर काटा तीसवर आला, तो तिथेच राहिला.

लेक वाचली. नातही.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, काटा बिघडला असेल. मग तो पाय? आणि वलगावला शेठच्या मुनीमाने भरधाव जाणारा ट्रक पाहिला, तो? मिस्त्री आपल्या कामाला लागला. मीही त्यापुढे गेलेली नाही.

त्या वेळी मुनीमाच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळीच शेठ दवाखान्यापाशी आले. बॉनेट उघडलं. तार शाबूत, सील शाबूत. स्वतः बसून त्यांनी ट्रक नाक्यापर्यंत पळवून पाहिला. तीसच.

"सील तोडून दुसरं कुठून आणलं, बोल! नाहीतर चावी ठेव."

रहीमभाईंनी गाडीतून चावी काढून हातात धरली. शेठ माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही गाडीत होत्या. किती वेगानं आली?"

"शेठ, सील तुम्हीच लावलं, तुम्हीच तपासलं. तीसच्या वर जात नाही, तं मले काय विचारता?"

शेठ पाठ फिरवून निघाले. चावी रहीमभाईंच्या हातातच राहिली. मी लेकीसाठी पेज आणायला निघाले.