मडक्याविना भिका

गंजाडच्या एका पाड्यावर भिका राहतो. त्याचं वय विचारलं तर तो अंगणासमोरच्या ताडाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, हा माझ्या कमरेएवढा होता तेव्हा मला मिसरूड फुटली. आता तो ताड आभाळाला टेकलाय आणि भिका बाजेला. दोन्ही गुडघे गेले. डहाणूच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला आणि सांगितलं की आजोबा, आता झाडाचं नाव काढायचं नाही. भिकानं मान हलवली. घरी आल्यावर मात्र बाज अशी फिरवून घेतली की डोळे उघडले की समोर ताडच.

भिका ताडी काढायचा. त्याच्या बापानं काढली, आज्यानं काढली. खोडाला बांबू बांधलेला, बांबूच्या पेरांना फांद्यांचे खुंट ठेवलेले, त्यावर पाय देत वर जायचं. कमरेला कोयता, पाठीशी मडकं. वर कोवळा फुलोरा असतो. त्याचं टोक पातळसं छाटायचं, खाली मडकं बांधायचं आणि उतरून यायचं. रात्रभर ताड थेंब थेंब देतो. सकाळी गोड, दुपारी आंबट, आणि संध्याकाळी पिणारा उद्या सकाळी काय बोलेल ते त्यालाच ठाऊक नाही, असा तो प्रकार.

एका वर्षी एक कावळा भिकाच्या मडक्याच्या प्रेमात पडला. पहाटे भिकाच्या आधी हजर. चोच बुडवून पोटभर प्यायचा आणि मग सरळ उडता येईना. एक दिवस तो वरून सुटला तो थेट देवजीच्या शेळीच्या पाठीवर. शेळी बिथरली, दावं तोडून पळाली, ती दुपारी सापडली नाल्यापलीकडे. देवजी भांडायला आला. भिका म्हणाला, कावळ्याला आण समोर, दोघांचं ऐकून घेतो. पुढं कित्येक वर्षं पाड्यावर कुणी झिंगून चालताना दिसला की पोरं म्हणायची, शेळी बांधा रे.

पण भिकाची खरी कीर्ती वेगळ्याच गोष्टीची. ताडावर चढायच्या आधी तो खाली उभा राहून एक लांब हाळी द्यायचा. घरामागं कुडाच्या आडोशाला बायका अंघोळ करत असतात, त्यांनी सावरून घ्यावं म्हणून. ही रीतच आहे. आणि रीतीचा दुसरा भाग असा की वर दिसलेलं खाली सांगायचं नाही. वरून काय दिसत नाही? पूर्वेला महालक्ष्मीचा सुळका, पश्चिमेला डहाणूच्या वीजकेंद्राची चिमणी आणि तिच्यामागं समुद्राची रेघ. आणि मधे सगळा पाडा, कौलं उचलून बघावं तसा. कोण कुणाच्या वाडीत शिरला, कुणाच्या कोंबडीनं कुणाकडं अंडी घातली, सगळं. एकदा दोन घरांचं कोंबडीवरून जुंपलं, तेव्हा दोन्हीकडचे साक्षीला भिकाकडं आले. तो म्हणाला, माझं लक्ष मडक्यात होतं. संपलं. म्हणून तर बायका त्याला मान देतात.

अशा माणसाच्या घरात त्याची सून पुष्पा आणि नात दक्षा. मधला माणूस, भिकाचा मुलगा मनिष, गेला. त्याला जाऊन दोन पावसाळे झाले.

मनिष लहानपणी बांबूवर असा चढायचा की भिकाची बायको, ती होती तोवर, डोळे मिटून घ्यायची. पण मोठा झाल्यावर तो तारापूरकडं कंपनीत लागला. पगार होता, शिफ्ट होती, आणि शिफ्ट सुटल्यावर रस्त्याकडेला पिशवीत मिळणारी पांढरी दारू होती. ती त्याला धरून बसली. शेवटी पोटात पाणी झालं. दवाखान्यात नेला तो परत आला नाही. दक्षा तेव्हा अंगणवाडीत जात होती. तिला सांगितलं, बाबाला ताप आला होता. पुष्पानं सांगितलं, आणि भिकानं मान हलवली. पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं, पण पुष्पानं घरोघर जाऊन हात जोडले होते, पोरीसमोर कुणी बोलू नका.

भिका म्हणायचा, ताडी ती ताडी आणि दारू ती दारू, माझ्या मडक्यानं कुणाचा जीव घेतला नाही. यावर पुष्पानं एकदाच विचारलं होतं, पहिला घोट कुठला होता? त्यानंतर भिका ते वाक्य तिच्यासमोर बोलला नाही. मनिषचा पहिला घोट कुठला होता ते त्याला माहीत होतं. बारशाच्या दिवशी बाळाच्या ओठाला बोटानं ताडी लावायची त्यांच्याकडं पद्धत. ते बोट भिकाचंच होतं.

तर अशा घरात यंदा शाळेतून निरोप आला.

पाड्यावरच्या शाळेत नविन नावाचे तरुण मास्तर आहेत, चिंचणीचे. त्यांच्या मनात आलं की पहिली-दुसरीच्या पोरांना वाचायला त्यांच्याच पाड्याचं एक पुस्तक करावं. वाक्यं सोपी, चित्रं पोरांनी काढलेली. एका पानावर खेकडे धरणारी बाई, एकावर नाचणी, एकावर देवाला कापलेला कोंबडा. आणि एका पानावर ‘भिका आजा ताडावर चढतो. मडकं बांधतो. मडक्यात ताडी जमते.’

हे कळलं त्या दिवशी भिका बाजेवरून उठून, काठी टेकत, खुद्द ताडाखाली जाऊन उभा राहिला. वर बघितलं. वाळक्या झावळ्या लोंबत होत्या, कुणी छाटत नव्हतं, पोपटांनी घर केलं होतं. त्याला काय वाटलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात त्यानं नातीला तीनदा विचारलं की चित्रात मी कुठवर पोचलोय? दक्षा म्हणाली, अर्ध्यावर. तो म्हणाला, सरांना सांग, मला पार वर न्या. या जन्मात तेवढीच एक चढण उरली होती, आणि ती त्याला पाहिजे होती.

आणि नेमकं त्याच पानावरून वांधा झाला. शाळेच्या समितीत पालक असतात, त्यात पुष्पा होती आणि देवजी अध्यक्ष होता, शेळीवालाच तो. छापायच्या आधी सरांनी सगळी पानं समितीपुढं ठेवली. मान कापलेला कोंबडा बिनबोभाट पास झाला. ताडाचं पान आलं आणि पुष्पा म्हणाली, यातलं मडकं काढा.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बैठक बसली होती. भिकालाही बोलावलं होतं, पान त्याचं म्हणून. सरांनी आपलं म्हणणं मांडलं. पोरं रोज ताडाखालून शाळेत येतात, मडकी बघतात. डोळ्यांना दिसतं ते पुस्तकात नसलं तर पोरं पुस्तकाला खोटं समजतात, आणि एकदा तसं समजली की मग कितीही छापा. देवजीला ते पटलं. मग पुष्पा बोलली.

“सर, डोळ्यांना दिसतं ते पोरं विसरतात. पुस्तकात येतं ते पाठ करतात. माझी पोरगी उद्या मोठ्यानं म्हणेल, मडक्यात ताडी जमते. तुम्ही शाबास म्हणाल. मी काय म्हणू?”

देवजीला तेही पटलं. अध्यक्ष असला की सगळं पटावं लागतं. त्यानं तोड काढली, मडक्याऐवजी भिकाच्या हातात नारळ द्या. कुणीतरी म्हणालं, ताडावर नारळ? मग देवजी म्हणाला, बरं, हात रिकामे ठेवा.

“हात रिकामे?” भिका म्हणाला. “मग मी वर कशाला गेलोय, देवजी? तुझ्या शेळीवर उडी मारायला?”

सगळे हसले. पुष्पा हसली नाही. घरात ती सासऱ्यासमोर आवाज चढवत नसे, तिथंही चढवला नाही. एवढंच म्हणाली, जन्मभर वरचं बघून खाली काही सांगितलं नाही बाबांनी, आणि आता पुस्तकातून सगळं सांगायला निघालेत. पोरीनं विचारलं की माझा बाबा पण हेच प्यायचा का, तर उत्तर द्यायला मी एकटीच असेन.

सर म्हणाले, ज्याचं चित्र त्यानंच सांगावं. सगळ्यांनी भिकाकडं बघितलं. त्याला मडकं पाहिजे होतं. घरून निघताना तो ठरवूनच आला होता, नवा सदरा घालून. त्यानं सुनेकडं बघितलं. ती सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.

“पान आत्ता छापू नका,” भिका म्हणाला. “पोरीला आधी घरात सांगू दे. पुस्तकातून कळायच्या आधी आमच्या तोंडून कळू दे. मग तिची आई म्हणेल तसं करा. मडकं काढा म्हणाली तर काढा. पान फाडा म्हणाली तर फाडा.”

घरी परतताना वाटेत भिका दोनदा थांबला, तेव्हा पुष्पानं त्याचा हात धरला.

दिवेलागणीला दक्षा अंगणात चिंचोके मांडून बसली होती. पुष्पानं सुरुवात केली आणि ती पुन्हा तापावरच आली. मग भिकानं सांगितलं. जन्मात कधी न सांगितलेलं सांगायचं म्हणजे जिभेला वळण नसतं. त्यानं ताडापासून सुरू केलं, कंपनीपर्यंत गेला, रस्त्याकडेच्या पिशवीपाशी आला. तुझ्या बाबाला ताप नव्हता, दारू होती, असं म्हणाला. तो वाईट नव्हता, दारू वाईट होती, आणि ती त्याला सुटली नाही. ताडीचा पहिला थेंब मीच लावला होता त्याच्या ओठाला, हेही सांगितलं. पुष्पानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

दक्षा चिंचोके एका रांगेत लावत होती. मग तिनं विचारलं, “म्हणजे चप्पल हरवली म्हणून नाही?”

कुणाला काही कळेना. हळूहळू तिच्याकडून निघालं ते असं. बाबाच्या चपला घालून ती नाल्यावर गेली होती, आणि एक चप्पल वाहून गेली. बाबा खूप ओरडला. इतका की शेजारी बाहेर आले. मग दोनच दिवसांत त्याला दवाखान्यात नेलं आणि तो आला नाही. अनवाणी गेला म्हणून पाय भिजले, पाय भिजले म्हणून ताप आला, असं पोरीनं आपलं आपण जुळवलं होतं. शाळा सुटल्यावर ती रोज नाल्याच्या वाटेनं का येते, यावरून पुष्पा तिला कितीदा रागावली होती.

पुष्पानं तिला ओढून मांडीत घेतलं. “नाही गं बाय,” ती म्हणाली. “चप्पल नाही. चप्पल नाही.” हेच ती म्हणत राहिली. दक्षा रडली नाही, ती आईच्या खांद्यावरून आज्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, बाबा पण वर चढायचा का?

आणि भिका सुटला. मनिष पाय न टेकता चढल्यासारखा कसा चढायचा, हाळी द्यायच्या आधीच अर्ध्यावर कसा असायचा, वरून समुद्रात होडी दिसली की खाली ओरडून तिचा रंग कसा सांगायचा आणि तो नेहमी चुकीचाच कसा असायचा. तो गेल्यापासून भिकानं त्याचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं की पोरगी विचारेल आणि खोटं बोलावं लागेल, म्हणून. एका तापाच्या मागं त्यांनी अख्खा मनिष झाकून ठेवला होता. पुष्पाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तीच मधे म्हणाली, होड्या सगळ्या निळ्याच सांगायचा तो.

दोन दिवसांनी पुष्पा शाळेत गेली. सरांना म्हणाली, मडकं राहू दे. ताडीही राहू दे. फक्त एक वाक्य वाढवा. सरांनी तिथल्या तिथं लिहून घेतलं.

पुस्तक झालं. साधंच, झेरॉक्स काढून शिवलेलं. दक्षानं बाजेवर बसून आज्याला पान दाखवलं आणि बोट ठेवून वाचलं. भिका आजा ताडावर चढतो. मडकं बांधतो. मडक्यात ताडी जमते. दक्षाचे बाबा मनिष पण चढायचे.

पोरांनी वाक्याप्रमाणे चित्रही बदललं होतं. ताडाच्या शेंड्याला मडकं घेतलेला म्हातारा, आणि त्याच्या पायाखाली, त्याच ताडावर, लाल शर्ट घातलेला एक तरणा माणूस. एका ताडावर दोघं कधी चढत नाहीत. बांबू पेलत नाही, आणि वरच्याचा कोयता निसटला तर खालच्याचं डोकं जातं. हे पाड्यावर शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही, आणि खऱ्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या सरांना, चिंचणीचे असल्यामुळं, ते ठाऊक नव्हतं.

दक्षानं विचारलं, चित्र बरोबर आलंय का?

भिकानं पान डोळ्यांजवळ नेलं. लाल शर्टवाल्याचा हात म्हाताऱ्याच्या टाचेपर्यंत पोचलेला होता.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “पुन्हा वाच.”