व्हर्न दार वाजवतो तेव्हा

रविवारी सकाळी मी पॅनकेक उलटत होते. दारातला बर्फ काढायचा टाळून गार्थ पेपरात डोकं घालून बसला होता आणि आमची दहा वर्षांची कर्स्टन आइस हॉकीचे मोजे हीटरजवळ वाळत घालत होती. दारावर थाप पडली. तिघंही थबकलो.

आमच्याकडे निवड चाचणीनंतरच्या रविवारी संघात आलेल्या मुलींच्या घरी फोन येतो. ज्या आल्या नाहीत, त्यांच्या दारात कोच व्हर्न हॅल्वर्सन स्वतः येतो. यादी भिंतीवर लावून मोकळं होणं त्याला कधी जमलं नाही. दिवसा शाळेची बस चालवायची, संध्याकाळी फुकट शिकवायचं, अशी एकोणीस वर्षं. पूर्वी येईल तिला तो घ्यायचा. सहा वर्षांपूर्वी तीन गावांचा एकच संघ झाला, तेव्हापासून जागा पंधरा आणि मुली चाळीस.

"ये रे यमदूता," गार्थ म्हणाला. "आज आमचं कितवं घर?"

"चौथं. आधीच्या घरी कुत्रा सोडला अंगावर."

"चावला?"

"नाही. त्यालाही दया आली."

कर्स्टन पुढे आली. "कोच, मी कुठे कमी पडले?"

गेल्या वर्षी त्याच्याकडे उत्तर होतं. मागे सरकताना तोल जातो, उन्हाळाभर घाम गाळ, पुढच्या वर्षी तुझी जागा पक्की. पोरीने ते खरं मानलं. गॅरेजच्या दाराला चेंडू मारून मारून पोचे पाडले. पण वयोगट जन्मवर्षावर ठरतो आणि तिचा जन्म नोव्हेंबरचा. त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्या मुलींपुढे ती वीतभर बुटकीच राहिली.

"कमी नाही पडलीस," व्हर्न म्हणाला. "थोराड मुली घेतल्या. मीच घेतल्या."

"मग आता मी काय करू?"

तो टोपी चुरगाळत राहिला. तिने मोजे उचलले, वर गेली आणि दार हळूच लावून घेतलं.

"कमिटीवर ढकलायचंस की," गार्थ पुटपुटला.

"यादीवर सही माझी आहे." मी पुढे केलेल्या कॉफीला व्हर्नने हात लावला नाही. "सहा वर्षांत शंभरावर मुली काढल्या. परत बर्फावर उतरल्या दोन. बाकीच्या माझ्या बसमध्येही बसत नाहीत, बाप गाडीने सोडतात. मी थांब्यावर थांबतो, हॉर्न देतो, पुढे जातो. मी हे काम सोडलं तरी दुसरा कुणी हेच करणार."

तो उठला, बूट घातले. दार उघडून तसाच उभा राहिला.

"उद्या तिला माझ्या बसने पाठवा."