नजर माझ्या पायावर

मदन महल किल्ल्याजवळच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. गाडीचे ब्रेक किंचाळतात म्हणून घाबरून त्याच्याकडे गेले, तर हा शेजारी बसला, हात हॅण्डब्रेकवर ठेवला आणि मला किल्ल्याचा उतार सावकाश उतरायला लावला. सगळा वेळ नजर माझ्या पायावर!

मग चाक काढून त्यानं अडकलेला खडा पेचकसानं उडवला, पॅडची जाडी दाखवली.

"वर्षभर चालते अजून, दीदी. पण ब्रेक पायानं झिजते. उतारावर काहून दाबूनच राहता? दुसऱ्या गिअरवर या, इंजिनच धरते गाडीले."

दुसऱ्या दिवशी बँकेत जाताना त्याच उतारावर दुसरा गिअर टाकला, पाय उचलला. गाडी पळाली नाही. चपलेत बोटं सैल झाली, तेव्हा कळलं, किती महिने ती आवळलेली होती.