मुल्लासरांच्या वाट्याचे देश

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. जुने पेपर आणि किस्से. पेपर निदान रद्दीत तरी जातात!

बेळगावात आमच्या राज्यशास्त्र विभागात 'मुस्लिम देश : लोकशाही आणि विकास' नावाचा एक पेपर आहे. तो दरवर्षी मुल्लासरांच्या गळ्यात. सरांची पीएच.डी. ग्रामपंचायतींवर, आणि त्यांना शिकवायला हवीही ग्रामपंचायतच. पण विभागप्रमुख पाटीलसर त्यांना त्या पेपरातून सोडत नाहीत.

"अहो, मुस्लिम देश म्हणजे तुमचा घरचाच विषय!"

"घर हितं जवळ उचगावात हाय सर. गोव्याच्या पलीकडं मी गेलो न्हाय!"

*

कुठल्याशा देशात लष्करानं सत्ता घेतली. सकाळी अख्खी स्टाफरूम मुल्लासरांकडे वळली. "काय हो, काय चाललंय तुमच्यात?"

सर चहा फुंकत म्हणाले, "आमच्यात? चार दिस झाले, नळाला पाणी न्हाय."

*

वर्गात सर जीव तोडून सांगायचे, "इंडोनेशियात मतदान हुतंय, आखातात अमीर हाईत. सगळे देश एका पोत्यात भरू नका रं!"

वडगावचा एकजण उठला. "सर, माझा काका दुबईत हाय. म्हणतोय, मत न्हाय, पण रस्ता लई गुळगुळीत!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "आमाला मत हाय. खड्डाबी हाय!"

*

परीक्षेत प्रश्न होता : निवडणुका होऊनही विकास होत नाही, अशा देशाचे उदाहरण द्या. एका मुलीनं लिहिलं, 'आमचं गाव.' सरांनी पूर्ण मार्क दिले.

पाटीलसर भडकले. "गाव म्हणजे देश का?"

"न्हाय सर. पण बाकीचं उत्तर बरोबर हाय."

*

यंदा टाइमटेबलच्या मीटिंगला मुल्लासर लेखी अर्ज घेऊन आले. ग्रामपंचायतीचा पेपर द्या, एवढंच मागणं. आदल्या दिवशी मीच त्यांना म्हटलं होतं, "मी तुमच्या बाजूनं हाय, बिनघोर रावा."

पाटीलसर हसले. "मी काय हुकूमशहा आहे? मतदान घेऊ! फक्त एक गोष्ट. मुल्लासरांना सोडवलं, तर मुस्लिम देश तुमच्यापैकी कुणाला तरी घ्यावे लागतील. आता सांगा, ते मुल्लासरांकडेच राहावेत असं कुणाला वाटतं?"

एकेक हात वर गेला. माझाही गेला. अजून लाज वाटते.

"बघा, ही लोकशाही! तिकडं असतंय का असलं?" पाटीलसर खूश.

मुल्लासरांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

"त्ये देशावर अवलंबून हाय, सर. काही ठिकाणी निदान आधी आशा तरी लावत न्हाईत."