वाघोबाला जय भीम

आदल्या दिवशी अण्णांनी बूट पॉलिश करून दाराशी ठेवले, तेव्हाच आई म्हणाली, "वाघ बघायला चाललायत की स्वतःच्या सत्काराला?" अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळी मात्र त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला आणि मला मध्ये पडावं लागलं. जंगलात पांढरं घालू नका, असं सहलीवाल्यांनी बजावून सांगितलं होतं. शेवटी कंपनीतला जुना खाकी शर्ट बाहेर आला. त्यात ते असे काही रुबाबदार दिसले की आईनं पुढची चेष्टा गिळून टाकली.

ही गोष्ट २००७च्या डिसेंबरातली. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. कंपनीच्या कँटीनच्या खिडकीतून बदलापूरकडचे डोंगर दिसायचे. सगळी नोकरी त्यांनी त्या डोंगरांकडे बघत चहा पिण्यात काढली, पण पाय कधी तिकडे वळले नाहीत. सुट्टी मिळाली की चळवळीचं काम, नाहीतर कुणाचं तरी लग्न. निवृत्त झाल्यावर दुपारभर केबलवर प्राणी बघायचे. एक दिवस टीव्ही बंद करून म्हणाले, "आफ्रिकेतला सिंह पाठ झाला मला. आपल्या पाठीमागच्या डोंगरात काय आहे ते ठाऊक नाही. गुडघे काही फार दिवस साथ देणार नाहीत. एकदा बिबट्या बघायचाय."

अण्णांनी माझ्याकडे, त्यांच्या लेकीकडे, कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी त्याच आठवड्यात बदलापूरच्या एका निसर्गप्रेमी मंडळाच्या सहलीत आमची दोन नावं घातली. सकाळी आदिवासी वाडीला भेट, तिथेच जेवण, आणि दुपारनंतर वाडीतल्या वाटाड्याबरोबर अंधार पडेपर्यंत जंगलात पायी फेरी, असा बेत होता.

जीप आम्हाला घ्यायला उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या कोपऱ्यावर आली. आत कॅम्प तीनमधले लालवानी शेठ आणि त्यांच्या पत्नी आधीच बसले होते. शेठचा जीन्स शिवायचा कारखाना. मांडीवर पापडांचा डबा आणि गळ्यात नवाकोरा कॅमेरा. "आओ साईं, आओ," म्हणून त्यांनी अण्णांना खिडकीजवळची जागा दिली आणि अंबरनाथ यायच्या आत पापडाचा डबा उघडला. सहलीला आणखी कुणीच नव्हतं. थंडीमुळे लोक गळाले होते, असं ड्रायव्हर म्हणाला.

नाल्याचा वास मागे पडला, कंपन्यांच्या चिमण्या मागे पडल्या. बदलापूर गावात चहा झाला. तिथून धरणाच्या रस्त्याला लागलो आणि बघता बघता इमारती संपल्या. अर्ध्या तासापूर्वी आम्ही हॉर्नच्या गोंगाटात होतो, यावर विश्वास बसेना. दोन्ही बाजूंना ऐन आणि साग, मधूनच दवाचा धूर, आणि एका वळणावर रस्ता ओलांडून शांतपणे चाललेले मोर. लालवानी शेठ कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत मोर गेलेसुद्धा. अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. "एवढ्या जवळ होतं हे," असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले.

वाडी ठाकर आदिवासींची होती, टेकडीच्या उतारावर वसलेली. आमचा वाटाड्या काळूदादा जीपपाशी येऊन उभा होता. साठीच्या आतबाहेरचा, बारीक, पायात टायरच्या चपला. त्याचं घर कुडाचं (कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, त्यावर शेणमाती लिंपून केलेल्या भिंतींचं). आत पाऊल टाकलं आणि बाहेरच्या उन्हाचा विसर पडला, इतकं ते गार होतं. कोपऱ्यात माणसाएवढी उंच कणगी (भात साठवायची बांबूची मोठी टोपली), तिच्या पोटावर तांदळाच्या पिठाचे हाताचे ठसे. काळूदादाची बायको हिराबाई हिनं आम्हाला चुलीसमोरच बसवलं. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलाची चटणी. लालवानी भाभींनी घाबरतच चटणीला बोट लावलं आणि नंतर दोनदा मागून घेतली.

"बिबट्या दिसेल का हो?" अण्णांनी विचारलं.

"त्याच्या मनावर हाय," काळूदादा म्हणाला. "आपून त्याच्या घरात जातो. तो काय आपल्या घरात येत नाय."

जेवण आटोपून आम्ही निघालो. वाडी संपते आणि रान सुरू होतं तिथे एक जुनं मोहाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला उभा दगड. त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. वाघाचं तोंड पावसापाण्यानं झिजून गोल झालं होतं, त्यामुळे तो हसतोय असं वाटत होतं. हा वाघोबा; इथं बिबट्यालाही वाघच म्हणतात. रानात जाणारा प्रत्येक जण त्याला सांगून जातो, मग तो गुराखी असो की पाहुणा. काळूदादानं चपला काढल्या. शेठ आणि भाभींनीही बूट काढून डोकं टेकवलं, शेठनी दगडासमोर चार पापड ठेवले. मी अण्णांकडे पाहिलं. ते मागेच उभे होते, हात पाठीमागे बांधून.

मला पुढचं सगळं समजलं. आम्ही बौद्ध. छप्पन साली अण्णा लहान होते, पण दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले, ते त्यांनी काठावर उभं राहून पाहिलं होतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याही देवापुढे हात जोडले नाहीत. कंपनीत आयुधपूजेच्या दिवशी ते गेटवर जाऊन बसायचे. त्यावरून साहेबांशी वाजलं, बढती लांबली, पण हात जोडले गेले नाहीत.

"अरे अंकल, जोड लो ना हाथ," लालवानी शेठ प्रेमानंच म्हणाले. "अपना क्या जाता है?"

"माझं जातं," अण्णा म्हणाले. मग काळूदादाकडे वळले. "तुमचा अपमान करायचा नाही मला. पण मी देवाला हात जोडत नाही. तुम्ही जाऊन या. मी जीपमध्ये बसतो."

काळूदादानं मान हलवली. "नाय सांगितल्याबिगर नेता येत नाय. मागं एक पाव्हना असाच गेला. म्हनला, ह्ये सगळं खोटं. त्याच आठवड्यात माझी पाडी (कालवड) नेली वाघानं. तुमी सांजच्याला घरी जाल. आमाला हितंच ऱ्हायचंय, त्याच्या शेजारी."

दोघांपैकी कुणाचंच चुकत नव्हतं. अण्णांचे गुडघे पुढच्या वर्षी असे राहणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. इतकी वर्षं खिडकीतून बघितलेलं रान समोर होतं. त्यात शिरायला फक्त दोन तळवे एकमेकांना लावायचे होते, आणि ते होणार नव्हतं. अण्णा जीपकडे वळलेसुद्धा. पॉलिश केलेल्या बुटांवर धूळ बसली होती. मला रडू येईल असं वाटायला लागलं.

"ओ बाबा," काळूदादानं हाक मारली. "मानूस भेटला तर तुमी काय म्हनता?"

अण्णा थांबले. "जय भीम म्हणतो."

"हात जोडून?"

"नाही. तसंच. आपल्या माणसाला म्हणतात तसं."

"मंग तेच म्हना की. हात जोडायलाच पायजे आसं मी कुटं म्हनलो? सांगाया पायजे. कोन हाय, कुटला हाय, कवा परत येनार. न सांगता गेलं तर त्याला वाटतं, चोर आला."

अण्णा थोडा वेळ त्या दगडाकडे बघत राहिले. मग सावकाश चालत त्याच्यासमोर आले. बूट त्यांनी काढले नाहीत, काळूदादानंही सांगितलं नाही. युनियनच्या सभेत बोलायला उभे राहायचे तसे ताठ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम. मी यशवंत धोंडू कांबळे. राहणार उल्हासनगर, कॅम्प पाच. अंधार पडायच्या आत परत येईन."

मोहाच्या झाडावर एक बुलबुल बोलत होता, तो बोलतच राहिला. काळूदादानं चपला पायात घातल्या. "झालं. चला." त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. लालवानी शेठ मात्र बराच वेळ अण्णांकडे वळून वळून बघत होते.

आत रान दाट होत गेलं. काळूदादा कमी बोलायचा, बोटानं दाखवायचा. एका ऐनाच्या सालीवर खोल उभे ओरखडे होते. बिबट्या तिथे नखं साफ करतो. अण्णांनी त्यात आपली बोटं घालून पाहिली, आणि त्यांचा हात किती लहान दिसला. ओढ्याच्या चिखलात पंजाचा ठसा होता, ताजा, कडा अजून न ढासळलेला. तो बघताना आम्ही सगळे आपोआप कुजबुजायला लागलो.

ठशाचा फोटो काढायला लालवानी शेठ वाटेच्या कडेला झुकले आणि त्यांचा हात वेलीवरच्या शेंगांना लागला. खाजकुयली (अंगाला लागली की आग आग करणारी केसाळ शेंग). शेठ उड्या मारायला लागले. "मर गया साईं, मर गया." काळूदादानं शांतपणे जवळची ताजी शेणाची रास उचलली आणि त्यांच्या हाताला कोपरापर्यंत लिंपली. वाळल्यावर ती खरवडून काढली, तेव्हा कुठे शेठ जमिनीवर आले. भाभी इतक्या हसल्या की त्यांनाच खाली बसावं लागलं. तो हात आशीर्वाद देणाऱ्या देवासारखा पुढे धरून शेठ उरलेली वाट चालले.

वरच्या टेकाडावरून धरणाचं पाणी दिसलं. सूर्य कलला होता आणि पाणी तांबडं झालं होतं. कुठेही माणसाचा आवाज नाही. अण्णा एका खडकावर बसले, गुडघे चोळत. बिबट्या दिसला नव्हता. "नसला तरी चालेल," ते मला म्हणाले, आणि मला कळलं की ते खरं नाही.

परतीच्या वाटेवर, बैलगाडीच्या जुन्या चाकोरीतून उतरत असताना, खालून भेकर (लहान हरीण) ओरडलं. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा एकच कोरडा आवाज, पुन्हा पुन्हा. झाडावरची वानरं खाकरली. मग सगळं एकदम गप्प झालं. काळूदादानं दोन्ही हात पसरून आम्हाला मागे अडवलं.

बिबट्या वाटेतच उभा होता. कधी आला, कुठून आला, मी सांगू शकत नाही. आधी तिथे वाट होती आणि मग तो होता. टीव्हीत बिबट्या कितीही वेळा पाहिला तरी त्याचं वजन कळत नाही. त्याचे खांदे कातडीखाली हलले तेव्हा ते वजन मला माझ्या छातीवर जाणवलं. उरलेला सगळा उजेड त्याच्या अंगावर गोळा झाला होता. त्यानं तोंड फिरवलं आणि आमच्याकडे पाहिलं. मला भीती वाटली नाही. आपण किती लहान आहोत एवढंच वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. श्वास घेतलेलासुद्धा त्याला ऐकू जाईल असं वाटत होतं.

काळूदादा बोलायला लागला. हळू, पण अगदी रोजच्या आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं.

"बाबा, आमी हाव. सांगून आलेलो हाव. ह्ये शेठ, ही त्यांची मंडळी. ही बाय. आन ह्ये यशवंत धोंडू कांबळे. उल्हासनगरचे. जय भीमवाले. दुपारी तुला भेटून गेले ते. आपलेच हायेत. आमी आमच्या वाटनं जातो, तू तुझ्या वाटनं जा."

बिबट्यानं ते सगळं ऐकून घेतलं. शेपटीचं टोक तेवढं हललं. मग तो कारवीत शिरला आणि कारवीचं एक पानही वाजलं नाही.

शेठच्या गळ्यातला कॅमेरा तसाच लोंबत होता. मी अण्णांकडे वळले. ते बिबट्या गेला तिकडे बघत नव्हते, ते काळूदादाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

परत येताना जीपमध्ये शेठ झोपले. बदलापूरचे दिवे लागले, मग अंबरनाथच्या चिमण्या आल्या. मी त्यानंतर बरीच जंगलं पाहिली, मोठ्या नावाची, तिकीट काढून, उघड्या गाडीत बसून. तिथल्या वाटाड्यांनी मला वाघाची ओळख करून दिली, त्याचं नाव, त्याचा नंबर, त्याची पिल्लं सांगितली. आमची ओळख वाघाला करून द्यावी हे कुणाला सुचलं नाही. बदलापूरच्या डोंगरात तो रिवाज आहे, आणि तो मला माझ्या घराच्या इतक्या जवळ सापडला याचं नवल मला आजही वाटतं.

घरी आई वाटच बघत होती. अण्णा खुर्चीत बसून बूट काढायला लागले. तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच सुरुवात केली.

"दिसला का तुमचा बिबट्या? आणि तिथं देवबिव असतील रानात. जोडले की नाही हात शेवटी?"

"नाही."

"मग रानात कसं घेतलं त्यांनी?"

अण्णांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"आमच्या गावात," ते म्हणाले, "देवळाच्या आवारात आमचं नाव फक्त हाकलायला घ्यायचे. आज एका माणसानं वाघासमोर उभं राहून माझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. म्हणाला, हे आपलेच आहेत."

आई त्यांच्या शेजारी बसली. मग तिनं विचारलं, "आणि वाघ?"

"त्यानं वाट दिली," अण्णा म्हणाले.